सहा ग्लास पाणी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. ४ जानेवारी १९७८

ती. सौ. अक्कास,

महानंदाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझे पत्र आले त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले होते, पण अप्पांचा कान पुन्हा वाहू लागला आणि पत्र तसेच राहिले. आता सगळे नीट सांगते. दिवाळीत अव्वाने लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडले. मग पेठेतल्या डॉक्टरांनी पिचकारीने कान धुतला. त्यानंतर दुखणे वाढतच गेले. दुकानात अप्पा गिऱ्हाइकांशी हसून बोलतात आणि लुगडे उलगडून दाखवता दाखवता मध्येच डोळे मिटून घेतात. गिऱ्हाईक समजते, शेटजी भावाचा विचार करताहेत.

कानाचे नवे डॉक्टर म्हणाले की, मधुमेहाच्या वयस्क माणसाला असे होते ते साधे नसते. पू कानातून आतल्या हाडात शिरतो, तिथून कवटीच्या हाडात. एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही. मला बरे वाटले, तर ते म्हणाले की एक्स-रेत दिसेपर्यंत हाड बरेच खाऊन झालेले असते. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात एक तपासणी होते. अणुशक्तीचे औषध शिरेतून देतात. हाड जिथे आजारी असेल तिथे ते जास्त जाऊन बसते आणि यंत्र त्याचा फोटो काढते. हाडात गेले असेल तर सहा आठवडे जबर इंजेक्शने द्यावी लागतील, आणि ती अप्पांच्या मूत्रपिंडांना सोसतील की नाही याची शंका आहे. म्हणून नक्की कळल्याशिवाय ती सुरू करायला कुणी धजत नाही.

त्यासाठी अप्पांना तुझ्याकडे पाठवते आहे. मी बरोबर यायला हवे होते. पण अव्वाचा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे, आणि दुकान एक दिवस बंद ठेवायचे म्हटले तरी अप्पांचा कान जास्त दुखतो. शेजारच्या दुकानातले भीमाशंकरकाका त्यांना तुझ्या दारापर्यंत पोहोचवून परत येतील.

तपासणीच्या सूचनांचा इंग्रजी कागद डॉक्टरांनी दिला आहे. त्यावरून मी मराठीत यादी केली, मोठ्या अक्षरांत, अप्पांच्या खिशात मावेल अशी. तुला ठाऊक आहे, शाळेत घालण्याआधी अप्पांनी मला अक्षरे शिकवली ती दुकानातल्या मालाच्या आणि घरच्या वाणसामानाच्या याद्या लिहायला लावूनच. लिहिले की दोनदा वाचायचे, हा त्यांचा नियम. ही मी चारदा वाचली. नक्कल देते:

१. सकाळी नेहमीसारखे खाल्ले तरी चालेल.
२. अंगावर धातूचे काही नको. अंगठी आणि गळ्यातली लिंगाची चांदीची डबी सकाळीच घरी काढून ठेवणे.
३. इंजेक्शननंतर तीन तास थांबणे. तेवढ्यात सहा ग्लास पाणी पिणे.
४. फोटोच्या वेळी हलू नये.

दुसऱ्या ओळीवर अप्पा थोडे थांबले. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली. त्यांनी माझी यादी कधी बदललेली नाही.

यंदा संक्रांतीची गड्ड्याची यात्रा ते इथे नसताना होणार. सिद्धेश्वराच्या काठ्यांची मिरवणूक त्यांनी आजवर एकदाही चुकवलेली नाही. अव्वा सारखी म्हणते, कुटं त्या मुंबईत पाठवताय, त्यांना घरी ठेवा की. मी तिला काय सांगू?

तुझ्या तब्येतीला जप. सातवा लागला ना? भावजींना नमस्कार. आहे ती माया तशीच ठेव.

तुझी,
महानंदा

मुंबई, ता. १२ जानेवारी १९७८

चि. महानंदास,

अक्काचे अनेक आशीर्वाद.

अप्पा सुखरूप पोहोचले. भीमाशंकरकाकांनी गाडीत इतके बोलून घेतले की अप्पा म्हणाले, आज पहिल्यांदा या कानाचा उपयोग झाला, त्यांना दुखऱ्या उजव्या कानाकडे बसवले होते. आमच्या दोन खोल्यांत ते पाहुण्यासारखे अंग चोरून वावरतात. पहाटे उठून नळावर पहिला नंबर लावतात आणि लिंगपूजा आटोपून माझ्या उठण्याची वाट बघत बसतात. तुझ्या भावजींना लिंगाची आठवण श्रावणात एकदा होते. त्यांची फारच पंचाईत झाली आहे. परवापासून तेही लवकर आंघोळ करतात.

इस्पितळात दाखवून आलो. तिथल्या डॉक्टरांनी कानात नळी घालून पाहिले आणि इंग्रजीत एकमेकांत बोलले. तपासणी मंगळवारी, सतराला आहे. ते औषध ठरावीक दिवशीच येते आणि काही तासांत त्याची ताकद संपते, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. रांगेत बहुतेक कर्करोगाचे रोगी. त्यांच्याकडे बघून अप्पा म्हणाले, आपण फार किरकोळ माणसे आहोत.

एक अडचण आहे. गरोदर बाईने त्या दिवशी त्यांच्या जवळ थांबायचे नाही, असे नर्सने बजावले. म्हणून हे त्यांना सोडतील, मधल्या वेळात ऑफिसात तोंड दाखवतील आणि फोटोच्या वेळी परत जातील. अप्पा खूश आहेत. म्हणतात, त्या रात्री दिवा लावू नका, मी कंदिलासारखा दिसेन.

तुझी यादी त्यांच्या खिशात आहे. रोज काढून वाचतात. तू आता तरी नीट जेव. दुकानात उभी राहून शेंगदाण्यांवर दिवस काढतेस, हे मला इथे बसून दिसते.

तुझी,
अक्का

मुंबई, ता. १९ जानेवारी १९७८

चि. महानंदास,

अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस, पण वाईट वाटेल असे लिहिते आहे. फोटो धूसर आला. ह्यांनी पाहिला. डोक्याचा आकार कळतो, पण सगळीकडे सारखाच करडा रंग, शाई सांडून पुसल्यासारखा. औषध हाडांत बसायचे ते रक्तामांसात पसरून राहिले, असे डॉक्टर म्हणाले. उजव्या कानामागे थोडे गडद वाटते, पण त्यावरून ते काहीच ठरवणार नाहीत. त्यांनाही नवल वाटले. पुन्हा करावे लागेल. रांग मोठी आहे, पुढची तारीख सात फेब्रुवारी मिळाली. तोवर कानात थेंब आणि साखर ताब्यात ठेवायची, एवढेच.

ह्यांनी खूप विनवले. डॉक्टरांनी रांगेतल्या एका मुलीकडे बोट दाखवले, मग हे परत फिरले.

 तपासणीच्या दिवशी सकाळी पूजा करून अप्पा लिंग माझ्या देव्हाऱ्यात ठेवून गेले होते. परत आल्याबरोबर हातपाय धुऊन त्यांनी आधी ते गळ्यात घातले आणि मग माझ्याकडे पाणी मागितले. सगळा तांब्या एका दमात रिकामा केला. मी लांबूनच बघत होते.

अव्वाला धूसर वगैरे सांगू नकोस. तारीख पुढे गेली म्हण.

तुझी,
अक्का

सोलापूर, ता. २२ जानेवारी १९७८

ती. सौ. अक्कास,

शि. सा. नमस्कार वि. वि.

तू अव्वाला सांगू नको म्हणालीस, पण तुझे पत्र आले तेव्हा ती समोरच बसली होती आणि तिने वाचायला लावले. मला वाचता वाचता गाळता येत नाही. मी थबकते आणि तिला कळते.

ती पाय लांब करून गहू निवडत होती. देव्हाऱ्याची ओळ वाचली आणि तिचा हात सुपात थांबला. पुन्हा वाच म्हणाली. मी वाचली. तेव्हा ती म्हणाली की, लिंग देव्हाऱ्यात आणि पाणी पोटात? तुझा अप्पा? अगं, लगीन झाल्यापासून बघते मी, लिंग अंगावर नसलं तर हा माणूस थुंकीसुद्धा गिळायला बघत न्हाय. सहा ग्लास लिहिलंस तू, एक घोट प्याला असेल तर मला विचार.

अक्का, अव्वाचे खरे आहे. मी त्यांच्याच घरात वाढले. आंघोळ, पूजा आणि मग पाणी, हे रोज डोळ्यांसमोर बघितले. तरी दुसऱ्या ओळीत लिंग काढायला लावले आणि तिसऱ्या ओळीत पाणी प्यायला सांगितले. चारदा वाचली, प्रत्येक ओळ वेगळी वाचली.

तू त्यांना विचार. रागावून नको, सहज विचार. आणि डॉक्टरांना विचार की, पाणी न प्यायल्याने फोटो बिघडतो का. मला उत्तर माहीत आहे असे वाटते, तरी विचार.

तुझी,
महानंदा

मुंबई, ता. २६ जानेवारी १९७८

चि. महानंदास,

आशीर्वाद.

विचारले. अप्पांनी लगेच सांगून टाकले, जणू कुणी विचारायची वाटच बघत होते. एक थेंबही प्याले नव्हते. नर्सने ग्लास भरून दिला, तो त्यांनी बाकाखाली ठेवला. तासाभराने तिने विचारले, पाणी झाले का, तर हो म्हणाले. एवढी वर्षे गजाने कापड मोजले, कधी बोटभर कमी दिले नाही, आणि त्या पोरीसमोर खोटे बोललो, असे म्हणाले. तिला लिंगाचे कुठे सांगत बसणार, मागे एवढे लोक होते. त्यांना वाटले, पाणी आपले तहानेसाठी सांगितले असेल. तीन तास तहान सोसू, त्यात काय.

डॉक्टर रागावले नाहीत. पाणी पिऊन लघवीला गेले की रक्तात उरलेले औषध धुतले जाते आणि फक्त हाडातले राहते, म्हणून ते सांगतात. ते झाले नाही, तोच धूसरपणा. आणि महानंदा, तुला हे लिहू की नको असे दोन दिवस झाले. फोटो कानाचा होता. छातीवरची डबी काढायची काहीच गरज नव्हती, असे ते म्हणाले. फार तर फोटोच्या वेळी थोडी बाजूला केली असती.

पण मीही आहे ना यात. लिंग दिवसभर माझ्या देव्हाऱ्यात होते. मी तिथे उदबत्ती लावली. सात वर्षांत मी एवढी मुंबईची झाले की माझ्या मनात काहीच आले नाही. अव्वाला सोलापुरात बसून जे कळले ते मला समोर बघून कळले नाही.

परवा सकाळी उठले तर अप्पांचे तोंड उजवीकडून खाली ओघळलेले. उजवा डोळा मिटत नाही. चेहऱ्याची नस कानाच्या हाडातून जाते, तिला धक्का लागला, असे डॉक्टर म्हणाले. याचाच अर्थ हाडात असावे, पण मूत्रपिंडांचा धोका पत्करायचा तर आधी फोटो हवाच. तारीख मात्र अलीकडे येत नाही. हे रोज जाऊन विचारतात. अप्पा आरशात बघून म्हणाले, आता गिऱ्हाइकाला कळणार नाही की मी हसतोय की तो भाव पाडून मागतोय म्हणून रडतोय.

तू स्वतःला बोल लावू नकोस. लावशील हे माहीत आहे, तरी लिहिते.

तुझी,
अक्का

सोलापूर, ता. २९ जानेवारी १९७८

ती. सौ. अक्कास,

शि. सा. नमस्कार.

इंग्रजी कागद पुन्हा काढला. त्यात लिहिले आहे की, फोटोच्या आधी धातूच्या वस्तू काढाव्यात. ‘सकाळीच’ हा शब्द त्यात नाही. ‘घरी’ नाही. लिंगाचे तर कुठून असणार? हे सगळे माझे. मला वाटले, आयत्या वेळी गडबड होईल, डबी हरवेल, कुणी भलत्या जागी ठेवेल, त्यापेक्षा सकाळीच काढलेली बरी. आणि पाणी कशासाठी प्यायचे ते कागदात एका ओळीत दिले होते. ती ओळ मी गाळली, कारण अक्षरे मोठी काढायची होती आणि कागद पुरत नव्हता. काळजीपोटी एक गोष्ट जास्त लिहिली आणि काळजीपोटीच एक कमी.

तुझे पत्र आल्यापासून मी दुकानात काहीही लिहू शकले नाही. काल एका बाईला चार वार खण दिला आणि मोजताना तीनदा चुकले. ती म्हणाली, पोरी, घरी जा.

सोबत पार्सल पाठवते आहे. पांढऱ्या धुवट कापडाची छोटी पिशवी शिवली आहे, सुती दोऱ्याची. तिला बटण नाही, हूक नाही, काही नाही. अप्पांना म्हणावे, डबी घरी राहू दे, लिंग या पिशवीत घालून गळ्यात ठेवा आणि पाणी प्या. अव्वाने मठातल्या स्वामींना विचारून घेतले. ते म्हणाले, लिंग अंगावर असणे महत्त्वाचे, चांदी सोनाराची असते.

एक काम कर. फोटो झाल्यावर डॉक्टरांना विचार की, पहिल्याच वेळी कळले असते तर किती फरक पडला असता. सतरा तारखेपासून सात तारखेपर्यंत एकवीस दिवस होतात. या एकवीस दिवसांत किती पसरले, ते विचार. मला खरे तेच लिही.

तुझी,
महानंदा

मुंबई, ता. १० फेब्रुवारी १९७८

चि. महानंदास,

आशीर्वाद.

फोटो झाला. या वेळी ह्यांनी रजा घेतली आणि तिन्ही तास त्यांच्या समोर बसून राहिले. पिशवी अप्पांच्या गळ्यात होती. पाणी पिताना उजव्या कोपऱ्यातून गळत होते, म्हणून बोटाने ओठ दाबून धरून ते प्याले. जेवढे सांडले तेवढे मोजून वर प्याले. सहाचे आठ ग्लास झाले. तीच नर्स होती. अप्पांनी तिला स्वतःहून सांगितले की, मागच्या वेळी मी खोटे बोललो होतो. तिला काही आठवत नव्हते.

या वेळी फोटो स्वच्छ आला. इतका स्वच्छ की मलासुद्धा कळला. कवटी फिकट, आणि उजव्या कानामागे काळा ठिपका. तो तिथेच थांबलेला नाही. कवटीच्या तळाशी मधल्या हाडापर्यंत काळे गेले आहे, आणि थोडेसे मध्य ओलांडून डावीकडे. आजच इंजेक्शने सुरू झाली. दिवसातून अनेकदा, सहा आठवडे. मूत्रपिंडे दर दोन दिवसांनी तपासणार. डॉक्टरांनी आशा आहे असे म्हटले नाही, नाही असेही म्हटले नाही. म्हणाले, वाट बघायची.

एकवीस दिवसांचे मी विचारले नाही. डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले होते. मला वाटले, त्यांनी फरक पडला नसता असे सांगितले तर तू विश्वास ठेवणार नाहीस, आणि पडला असता असे सांगितले तर तेवढ्यावरच ठेवशील. रागावायचे असेल तर रागाव. या विचारण्याचा अप्पांना काही उपयोग नव्हता.

अव्वाला सगळे सांग. आता लपवण्यासारखे काही उरले नाही.

तुझी,
अक्का

मुंबई, ता. १४ फेब्रुवारी १९७८

चि. महानंदास,

ईश्वरप्पाचे अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडे आहे. उजवा डोळा पट्टीखाली आहे, एका डोळ्याने रेघ सरळ धरता येत नाही. तुझ्या अक्काला लिहून दे म्हटले असते, पण हे पत्र माझे मला लिहायचे होते.

तू दुकानात लिहिणे सोडलेस असे कळले. असे करू नये. लग्नसराईचा माल येईल, त्याची नोंद कोण करणार? भीमाशंकरला बोलवलेस तर तो माल सोडून गोष्टी सांगत बसेल.

मला ती ओळ वाचताच खटकली होती. मी तुला तिथेच विचारू शकलो असतो. पण लहानपणी तू पहिली यादी लिहिलीस, तेव्हा मी तुला सांगितले होते की, तुझ्या यादीत मी खाडाखोड करणार नाही, चुकलीस तर चुकलेलाच माल आणीन, म्हणजे तू नीट लिहिशील. तू हळदीऐवजी हिंग लिहिलेस आणि मी हिंग आणला. तुझी अव्वा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तोच नियम मी इथवर धरून बसलो. तू सहा वर्षांची होतीस तेव्हा तो ठीक होता.

इथे इंजेक्शनांनी दोन्ही कानांत गुंजते. कोण काय सांगते ते निम्मे कळत नाही. सूचना रोज नव्या. मला एक यादी करून पाठव. मोठी अक्षरे काढ. या वेळी चुकली वाटली तर मी विचारेन.

पिशवीची शिवण चांगली आहे. अव्वाचा पाय कसा आहे ते कळव. म्हणावे, काठ्या चुकल्या त्या चुकल्या, पुढच्या वर्षीचे सिद्धेश्वर बघेल.

तुझा,
अप्पा

सोलापूर, ता. १८ फेब्रुवारी १९७८

तीर्थस्वरूप अप्पांना,

महानंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र अव्वाला दोनदा वाचून दाखवले. हिंगाचे ऐकून ती हसली आणि मग पदर तोंडाला लावून बसून राहिली. तिचे प्लास्टर परवा निघाले. पाय बारीक झाला आहे, पण काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत जाते. म्हणते की, तुमचा अप्पा आला की मी पेठेच्या तोंडापर्यंत चालत जाईन, बघाच की.

काल माल आला. नोंद केली. दोनदा वाचली.

तुमच्या यादीसाठी सकाळपासून बसले आहे. अक्काच्या पत्रांतून जेवढे कळले तेवढ्यावरून लिहिते. सगळ्या ओळींना कारण दिले आहे. जिथे कारण माहीत नाही तिथे ओळच लिहिली नाही.

१. लिंग गळ्यातच ठेवणे. कारण ते तुमचे आहे.
२. पाणी पिणे. कारण इंजेक्शनांचा भार मूत्रपिंडांवर येतो. किती प्यायचे ते डॉक्टरांना रोज विचारणे.
३. उजवा डोळा झाकून ठेवणे. कारण तो मिटत नाही आणि सुकतो.
४.

चौथा आकडा घातला आणि अर्धा तास झाला. पुढे काय लिहायचे ते मला माहीत नाही, अप्पा. काय केले म्हणजे तो काळा ठिपका मागे सरकेल, हे त्या इंग्रजी कागदात नाही, अक्काच्या पत्रात नाही, इथल्या डॉक्टरांनाही विचारून आले. ओळ मोकळी ठेवली आहे. लहानपणी तुम्ही सांगत होतात आणि मी लिहीत होते, तसे तुम्हीच सांगा. मोठ्या अक्षरांत लिहीन. दोनदा वाचेन.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुमची महानंदा